मात्रेवरची नजर

मात्रा हा शब्द मला कवितेमुळे जवळचा. ओळीत एखादी मात्रा कमी-जास्त झाली, तर फार तर चाल अडखळते. औषधाची मात्रा चुकली, तर माणूस दगावतो. मनोरुग्णांच्या औषधांच्या इतिहासात लिथियमची हकिगत मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.

जॉन केड हे ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत ते तीन वर्षांहून अधिक काळ जपान्यांचे युद्धकैदी होते. सुटकेनंतर मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील मनोरुग्णालयात, एका वापरात नसलेल्या स्वयंपाकघरात त्यांनी प्रयोग सुरू केले. लिथियमचा क्षार टोचल्यावर गिनी पिग शांत होतात, असे त्यांना दिसले. ते औषध त्यांनी आधी स्वतः घेऊन पाहिले. मग मार्च १९४८ मध्ये उन्मादाने पाच वर्षे बेभान असलेल्या, एक्कावन्न वर्षांच्या रुग्णाला दिले. काही आठवड्यांत तो निवळला आणि जुलैत घरी परतला.

पण बरे वाटू लागल्यावर त्याने गोळ्या सोडल्या. १९४९ च्या सुरुवातीस तो पुन्हा रुग्णालयात आला आणि मे १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने गेला. त्याआधी, १९४९ मध्ये अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खाणारे काही हृदयरुग्णही दगावले होते. लिथियम तेच. अंदाज मात्र कोणालाच नव्हता.

यातून वाट काढली ती मोजमापाने. मेलबर्नमध्येच एडवर्ड ट्राउटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील लिथियम मोजायला सुरुवात केली. डेन्मार्कच्या मोगेन्स शो यांनी १९५४ मध्ये या औषधाची पद्धतशीर चाचणी प्रसिद्ध केली. अमेरिकेने त्याला मान्यता दिली ती १९७० मध्ये. आज रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोल इतके लिथियम राखतात. १.५ च्या वर गेले की धोका सुरू होतो. औषध आणि विष यांत इतकेच अंतर!

रक्ताची तपासणी रोज होत नाही. दोन तपासण्यांच्या मधले दिवस सांभाळते ती वॉर्डातली सिस्टर. हात जास्त थरथरतात का, उलट्या-जुलाब लागलेत का, चालताना झोक जातो का, बोलणे जड झाले आहे का, हे आधी तिला दिसते. रुग्णाला हे नेहमीच सांगता येत नाही. पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना वेळीच बोलावणे, यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

घरी ही जबाबदारी आपल्यावर येते. उन्हाळ्यात घाम गेला, जुलाब झाले, जेवणातले मीठ अचानक तोडले, तर तीच गोळी अंगावर उलटू शकते. अंगदुखीवरच्या काही साध्या गोळ्यांनीही रक्तातले लिथियम वाढते. आमच्याकडे रमजानच्या रोज्यांत दिवसभर पाणी नसते. लिथियम घेणाऱ्याने रोजे धरण्याआधी डॉक्टरांशी बोललेच पाहिजे. आजाऱ्याला सवलत धर्मानेच दिली आहे. आणि बरे वाटले म्हणून गोळी आपणहून बंद करू नये.

‘दवा के साथ दुआ’ असे आमच्या घरांत म्हणतात. दुआ जरूर करावी. पण गोळी दिल्यानंतर माणसाकडे पाहत राहणे, हाही औषधाचाच भाग आहे. बंडूराच्या त्या रुग्णाची हकिगत एवढे तरी शिकवते.