रेखाटनाचा स्वाध्याय

रेखाटनाचा स्वाध्याय म्हणजे शिक्षकाच्या प्रत्यक्ष मार्गदर्शनाविना नियमितपणे केलेला रेखाटनाचा सराव होय. यात हाताच्या सफाईपेक्षा निरीक्षणाला अधिक महत्त्व असते. नवशिका बहुधा समोरची वस्तू न पाहता तिची मनात ठरलेली खूण काढतो. डोळा म्हणजे बदाम, झाड म्हणजे खोडावरचा ढग. ही सवय मोडण्यासाठी वस्तूंमधील रिकाम्या जागांचे आकार आणि हात ताठ धरून पेन्सिलीने मोजलेली प्रमाणे यांचा अभ्यास केला जातो. मानवाकृतीसाठी एक-दोन मिनिटांत पुरी करायची शीघ्र रेखाटने उपयोगी पडतात.

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग हे या पद्धतीचे ठळक उदाहरण आहे. १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बेल्जियममधील बोरिनाज या कोळसाखाणींच्या प्रदेशात हलाखीत राहत असताना त्याने चित्रकार होण्याचे ठरविले. शार्ल बार्ग याने तयार केलेल्या रेखाटनक्रमातील कोळशाच्या रेखाटनांचे साठ नमुने त्याने पुनःपुन्हा उतरवून काढले. मात्र छापील नमुना मुळातच सपाट असतो. घनाकृती कागदावर कशी आणावी, हा खरा अवघड भाग त्यात आधीच सुटलेला असतो. त्यामुळे खाणकामगार, शेतकरी अशा जिवंत माणसांवरून रेखाटन करणे त्याला आवश्यक ठरले. यथादर्शनासाठी हेग येथे १८८२ मध्ये त्याने दोरे ताणलेली लाकडी चौकट बनवून घेतली. मृत्यूच्या काही आठवड्यांपूर्वी, जून १८९० मध्ये, त्याने भाऊ थिओकडे बार्गचे तेच नमुने पुन्हा मागितले होते.