सीएसएसमधील समास

समास हा सीएसएस या शैलीभाषेतील एक गुणधर्म असून, संकेतस्थळाच्या पानावरील एखाद्या घटकाच्या किनारीबाहेर किती मोकळी जागा सोडायची हे त्याने ठरते. त्याचे मूळ नाव ‘मार्जिन’. डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीएसएसच्या पहिल्या आवृत्तीपासून तो उपलब्ध आहे. वहीच्या पानावर डावीकडे रेघ आखून सोडतात तो समास येथे अभिप्रेत आहे. व्याकरणातील किंवा दासबोधातील समासांशी त्याचा संबंध नाही.

घटकाच्या मजकुराभोवती पॅडिंग, त्याभोवती किनार आणि सर्वांत बाहेर समास असतो. घटकाचा पार्श्वरंग समासात पसरत नाही. पॅडिंग आणि समास यांत नवशिक्यांची नेहमी गल्लत होते. घटकास रंग दिला की फरक चटकन दिसतो.

चार मूल्ये दिल्यास ती वर, उजवीकडे, खाली, डावीकडे या क्रमाने लागू होतात. मूल्य ऋणही चालते. टक्केवारी मात्र वरच्या-खालच्या समासासाठीही बाहेरील चौकटीच्या रुंदीवरूनच मोजली जाते. रुंदी ठरवलेल्या घटकाचे डावे-उजवे समास ‘ऑटो’ ठेवल्यास तो मध्यभागी येतो.

समासांचे विलीनीकरण

बारामतीचे पंतकवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांच्या आर्या पानावर मांडायच्या आहेत, असे समजू. आर्या दोन ओळींची; म्हणून प्रत्येक आर्येचा एक परिच्छेद केला, त्यास वर २४ आणि खाली १६ पिक्सेल समास दिला. दोन आर्यांमधील अंतर ४० भरेल, ही अपेक्षा चुकते. ते २४ भरते, कारण लगतच्या उभ्या समासांपैकी मोठा तेवढा उरतो. आडवे समास असे विलीन होत नाहीत. फ्लेक्स किंवा ग्रिड मांडणीतील घटकांचे उभे समासही होत नाहीत. सर्व आर्या एका चौकटीत घातल्या आणि तिला पॅडिंग वा किनार नसली, तर पहिल्या आर्येचा वरचा समास चौकटीबाहेर निसटतो. चौकटीला थोडे पॅडिंग दिल्याने तो आत राहतो.

दुसरी ओळ आत सरकवण्यासाठी कोऱ्या जागा टंकण्याची सवय अनेकांना असते. ती निरुपयोगी आहे, कारण ब्राउझर सलग कोऱ्या जागांची एकच करतो. त्या ओळीचा स्वतंत्र घटक करून त्यास डावा समास द्यावा, तोही ‘एम’ या एककात. एम अक्षराच्या आकाराबरोबर बदलत असल्याने अक्षर लहानमोठे केले तरी मांडणीचे प्रमाण टिकते.