त्या दोन ओळी कोणाच्या?

सर्च केल्यावर आपण नक्की काय वाचतो? पान नाही वाचत, पान नंतर येतं. आधी येते एक निळी लिंक आणि तिच्याखाली छोट्या अक्षरांत दोन ओळी. सेकंद-दोन सेकंद त्यावर नजर फिरते आणि आपण ठरवून टाकतो, इथे जायचं का पुढे सरकायचं. साबुदाणा किती वेळ भिजवायचा इथपासून ते डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीने काही होणार तर नाही ना इथपर्यंत, सगळं त्या दोन ओळींच्या भरवशावर चाललंय. आमच्या धंद्यात त्यांना स्निपेट म्हणतात.

या वीकांताचा प्रश्न असा की या दोन ओळी लिहितं कोण? ज्याचं पान आहे तो? सर्च इंजिन? का तिसराच कोणीतरी? गेल्या तीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर चार-पाच वेळा बदललंय आणि दरवेळी त्यावरून भांडणं झाली आहेत. काही तर पार कोर्टापर्यंत गेली.

खरं तर प्रश्न तीस वर्षांचा नाहीच, जवळपास आठशे वर्षांचा आहे. तेराव्या शतकात पॅरिसच्या सँ-जाक मठातल्या डॉमिनिकन साधूंनी बायबलची शब्दसूची केली. म्हणजे कोणता शब्द कुठे कुठे आलाय त्याची यादी. पहिल्या सूचीत नुसते ठिकाणांचे निर्देश होते. शब्द शोधला की पन्नास ठिकाणं मिळणार, आणि आपल्याला हवं ते कुठलं हे बघायला पन्नास वेळा बायबल उघडा. मग दुसरी सूची झाली. तिच्यात प्रत्येक ठिकाणाशेजारी लांबच्या लांब अवतरणं दिली, आणि ग्रंथ इतका फुगला की वापरणं अवघड. त्याच शतकाच्या उत्तरार्धात तिसरी झाली, त्यात शब्दाच्या आजूबाजूचे फक्त मोजके शब्द ठेवले. चालली ती ही तिसरी. गूगलच्या इंजिनियरांनी जी अडचण सोडवली ती या मंडळींनी बोरूने आणि चामड्याच्या पानांवर सोडवली होती!

मध्ये एकदम सातशे वर्षांची उडी मारतो. १९५८ साली आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी लेखाचा सारांश यंत्राकडून काढून घ्यायची रीत मांडली. कल्पना अगदी साधी. लेखातले शब्द मोजा. 'आणि', 'पण', 'तर' असले जागोजागी येणारे शब्द टाकून द्या. एखाद-दुसऱ्यांदाच आलेलेही टाका. मधले जे उरतील ते महत्त्वाचे, आणि ते ज्या वाक्यांत दाटीवाटीने बसले असतील ती वाक्यं उचला. झाला सारांश. (आज कॉलेजमधला पोरगा दुपारभरात लिहील. पण लून यांच्याकडे आयबीएम ७०४ होता.)

या रीतीत एक गोष्ट मात्र नव्हती: वाचणाऱ्याने विचारलंय काय, याची दखल. तुम्ही काहीही शोधत असा, सारांश तोच.

आता वेबवर येऊ. डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने अल्टाव्हिस्टा सुरू केलं. वेगाने भलतं भारी, पण लिंकखाली काय दाखवायचं याचं उत्तर लून यांच्यापेक्षाही भाबडं: पानावरचे पहिले काही शब्द. आणि त्या काळच्या पानांवर पहिले शब्द काय असायचे? 'माझ्या होमपेजवर आपलं स्वागत आहे', किंवा नुसता मेनू. म्हणून पानवाल्याला स्वतःची ओळख स्वतः लिहायची सोय दिली गेली, ती म्हणजे मेटा टॅग. एका टॅगमध्ये दोन ओळींचं वर्णन, दुसऱ्यात पानाचे मुख्य शब्द. वाचकाला पानावर हे दिसत नाही, फक्त इंजिन वाचतं.

पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. वाचकाला दिसत नाही म्हटल्यावर लोकांनी त्यात काय वाटेल ते कोंबलं. विकायचे टायर, आणि मुख्य शब्दांत सिनेनट्यांची नावं. काही वर्षांत त्या शब्दांच्या टॅगची किंमत शून्य झाली. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने जाहीरच केलं की क्रम लावताना आम्ही तो बघत नाही. तरी त्यानंतर कितीतरी वर्षं क्लायंटच्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये 'मेटा कीवर्ड्स भरणे' ही ओळ मी पाहिली आहे. परंपरा म्हणतात ती हीच :-)

खरा बदल १९९८ चा. त्या वर्षी मेलबर्नला झालेल्या सिगिर परिषदेत अनास्तासिओस टोंब्रोस आणि मार्क सँडरसन यांनी एक प्रयोग मांडला. काही लोकांना निकालांच्या याद्या दिल्या. निम्म्यांना प्रत्येक लेखाची सुरुवातीची वाक्यं दिसत होती, निम्म्यांना त्यांच्या प्रश्नाशी जुळणारी. दुसऱ्या गटाला हवे ते लेख जास्त अचूक आणि जास्त पटकन सापडले, शिवाय पूर्ण लेख उघडून बघायची गरजही कमी पडली. थोडक्यात, सँ-जाकची तिसरी सूचीच बरोबर होती.

पण हे करायचं तर आख्खं पान जवळ साठवायला हवं. कोण काय विचारणार हे आधी माहीत नसतं, त्यामुळे पहिल्या दोन ओळी ठेवून भागत नाही. त्याच वर्षीच्या ब्रिन आणि पेज यांच्या पेपरमध्ये आकडे आहेत: २ कोटी ४० लाख पानं, एकूण १४७.८ जीबी, दाबून बसवल्यावर ५३.५ जीबी. आज हे एका फोनमध्ये मावतं. त्यांनी झेडलिब वापरलं, खरं तर बीझिपने जागा आणखी वाचली असती. पण झेडलिब वेगवान, म्हणून जागा सोडली आणि वेग घेतला. मला हा निर्णय फार आवडतो. पुढे गूगल प्रश्नानुसार दोन ओळी दाखवायला लागलं आणि बाकीच्यांना तेच करावं लागलं.

म्हणजे लिहिण्याचं काम पानवाल्याच्या हातून गेलं आणि यंत्राकडे आलं. मधल्या काळात तिसराही होता. जून १९९८ मध्ये सुरू झालेली ओपन डिरेक्टरी, म्हणजे डीमॉझ. हजारो स्वयंसेवक साइट्सची वर्णनं लिहायचे आणि इंजिनं ती उचलून दाखवायची. दुकान तुमचं, पाटी तिसऱ्याने रंगवलेली, आणि तीही पाच वर्षांपूर्वी. २००६ मध्ये एमएसएन आणि गूगल यांनी 'ते वर्णन वापरू नका' असं सांगायचा टॅग दिला, तेव्हा लोकांची सुटका झाली. डीमॉझ स्वतः मार्च २०१७ मध्ये बंद पडली.

इथे आपल्या भाषेची गोष्ट सांगायलाच हवी. त्या काळात मराठी साइट्स, मोठी वर्तमानपत्रं धरून, स्वतःचे फॉन्ट वापरायच्या. पानाच्या आत साठवलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा सदरा घालायचा. ब्राउझरमध्ये अग्रलेख झोकात दिसायचा. पण स्निपेट येतं ते आतल्या मजकुरातून, आणि निकालाच्या पानावर त्यांचा फॉन्ट नसतो. मग लिंकखाली काय दिसणार? स्वल्पविराम, डॉलर, कंस आणि डोक्यावर टिंबं असलेली युरोपियन अक्षरं. एका नावाजलेल्या दैनिकातला एक लेख मी कित्येक दिवस शोधत होतो. सापडणार कसा? 'दुष्काळ' असा शब्द यंत्राच्या लेखी त्या पानावर नव्हताच. लाखो शब्दांचं मराठी वेबवर होतं आणि तरी नव्हतं. फायरफॉक्ससाठी पद्मा नावाचं एक्स्टेन्शन होतं, ते असली पानं युनिकोडमध्ये बदलून द्यायचं. पण ते पान हाती लागल्यावर. चीड आणणारी गोष्ट ही की युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती आणि विंडोज २००० मध्ये ती चालतही होती. घरबसल्या फुकट ब्लॉग लिहिणाऱ्यांनी युनिकोड आधी धरलं, आणि काही वर्षं निकालांत वाचता येणारी मराठी बरीचशी त्यांचीच होती.

असो. लोकांना आपलं पान निकालांत कसं दिसेल हे आधी बघायचं असतं, आणि बराच काळ त्याची सोयच नव्हती. २००३ च्या उन्हाळ्यापर्यंत गूगलचा इंडेक्स साधारण महिन्यातून एकदा बदलायचा. दोन शब्द दुरुस्त करा आणि महिनाभर वाट बघा. मे २००९ मध्ये गूगलने रिच स्निपेट आणले, म्हणजे लिंकखाली तारे, किंमत वगैरे. याहूच्या सर्चमंकीने २००८ मध्ये हाच रस्ता दाखवला होता. त्यासाठी पानात ठरावीक खुणा कराव्या लागत, आणि त्या तपासून नमुना दाखवणारं साधनही आलं. पहिल्यांदाच पानवाल्याला आरसा मिळाला. जून २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग काढलं आणि खुणा एकसारख्या झाल्या.

आणि मेटा टॅगचंच नाटक पुन्हा सुरू. स्वतःच स्वतःला पाच तारे! सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने स्वतःच्याच साइटवरचे असले तारे दाखवणं बंद केलं. मे २०१९ मध्ये दिलेली प्रश्नोत्तरांची घडी ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइट्सपुरती उरली. आरसा दिला, पण खोली त्यांची.

देवनागरीत या आरशाची आणखी एक गंमत आहे. 'वर्णन १६० अक्षरांत लिहा' असा सल्ला सगळीकडे मिळतो. 'क्षेत्र' हा शब्द आपल्याला दोन अक्षरी दिसतो, यंत्र त्यात सात मोजतं. प्रत्यक्षात गूगल कापतं ते जागेच्या रुंदीवर. त्यामुळे मोजणीवर चालणारी साधनं मराठी वर्णनाला उगाच लाल रंग दाखवतात. मी आकडा बघत नाही. महत्त्वाचं पहिल्या दहा-बारा शब्दांत उरकतो.

आता पैशाचं भांडण. ऑगस्ट २०१३ मध्ये जर्मनीत कायदा लागू झाला की बातमीचे उतारे दाखवायचे तर प्रकाशकांची परवानगी हवी; मथळे आणि अगदी छोटे तुकडे सोडून. गूगल म्हणालं, ठीक, जे फुकट परवानगी देणार नाहीत त्यांचा नुसता मथळा दाखवू. आक्सेल श्प्रिंगर या बलाढ्य प्रकाशकाने ऑक्टोबर २०१४ मध्ये चार साइट्सवर तसं होऊ दिलं. मथळा तोच, लिंक तीच, फक्त खालचा मजकूर आणि चित्र गायब. दोन आठवड्यांत सर्चमधून येणारे वाचक जवळपास ४० टक्क्यांनी आणि गूगल न्यूजमधून येणारे जवळपास ८० टक्क्यांनी घटले. नोव्हेंबरात त्यांनी फुकट परवानगी देऊन टाकली. कायदाही सप्टेंबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने तांत्रिक कारणावरून निकालात काढला. फ्रान्सने मात्र नेट लावला आणि जुलै २०२१ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने प्रकाशकांशी नीट बोलणी न केल्याबद्दल गूगलला ५० कोटी युरोचा दंड ठोठावला.

त्या भांडणात दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य होती: दोन ओळी वाचून माणूस आत येतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेत गूगलने एआय ओव्हरव्ह्यू सगळ्यांसाठी सुरू केलं. त्यात अनेक पानांमधून जुळवलेलं उत्तर लिंकांच्याही वर येतं. दोन ओळींच्या जागी दोन परिच्छेद, आणि बऱ्याचदा माणसाचं काम तिथेच होऊन जातं. आपला मजकूर त्यात नको असेल तर गूगलने सांगितलेला उपाय म्हणजे नोस्निपेट टॅग. तो लावला की त्या उत्तरातून आपला मजकूर जातो, आणि लिंकखालच्या आपल्या दोन ओळीही जातात.