मद्यत्यागजन्य आकडी

मद्यत्यागजन्य आकडी म्हणजे दीर्घकाळ व भरपूर मद्यपान करणाऱ्या व्यक्तीने मद्य एकाएकी बंद केल्यास किंवा त्याचे प्रमाण झपाट्याने घटवल्यास येणारी आकडी (फिट) होय. ती बहुधा अखेरच्या मद्यपानानंतर ६ ते ४८ तासांत येते. मद्याची सवय झालेल्या मेंदूला मद्य न मिळणे हे तिचे कारण असते. जुन्या इंग्रजी वैद्यकीय लेखनात तिला ‘रम फिट्स’ म्हणत.

मेंदूतील रासायनिक बदल

ग्लुटामेट हा मेंदूतील प्रमुख उत्तेजक चेतापारेषक असून गॅबा हा प्रमुख निरोधक चेतापारेषक आहे. मद्य गॅबा-ए ग्राहींचे कार्य वाढवते आणि ग्लुटामेटच्या एनएमडीए ग्राहींना अडवते; त्यामुळे चेतापेशी मंदावतात. हे रोजचेच झाले की मेंदू उलट दिशेने जुळवून घेतो. गॅबा-ए ग्राहींची संवेदनशीलता घटते, तर एनएमडीए ग्राहींची संख्या वाढते. बोलीभाषेत ज्याला ‘दारू पचवणे’ म्हणतात, तो बऱ्याच अंशी मेंदूतील हाच बदल असतो.

मद्य बंद होताच ते काही तासांतच शरीरातून नाहीसे होते, परंतु ग्राही पूर्ववत होण्यास कित्येक दिवस लागतात. या मधल्या काळात उत्तेजनाला आवर घालणारे बळ अपुरे पडते. हाताला कंप, घाम, नाडीची वाढलेली गती, निद्रानाश आणि आकडी ही त्याचीच लक्षणे होत.

प्रायोगिक पुरावा

आकडीचे कारण कुपोषण असावे, असे मत पूर्वी प्रचलित होते. हॅरिस इस्बेल व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथे केलेल्या व १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पूर्वी मॉर्फिनचे व्यसन असलेल्या १० पुरुषांना पुरेशा आहारासह मद्य देण्यात आले. ४८ ते ८७ दिवस मद्य घेतलेल्या सहा जणांपैकी दोघांना मद्य थांबवल्यावर आकडी आली, तर तिघांना कंपोन्माद झाला. असा प्रयोग आजच्या नैतिक निकषांत बसणारा नाही. मात्र मद्य थांबवणे हेच कारण पुरेसे असल्याचे त्याने दाखवून दिले.

स्वरूप व धोका

झटके सामान्यतः संपूर्ण शरीराला येतात व शुद्ध हरपते. एकाच बाजूचे झटके, ताप किंवा डोक्याला मार असल्यास अन्य कारण शोधावे लागते. आकडी आलेल्यांपैकी काहींना पुढे कंपोन्माद, म्हणजेच डिलिरियम ट्रेमेन्स, होतो. भ्रम, तीव्र कंप व ज्वर असलेली ही अवस्था उपचारांअभावी प्राणघातक ठरू शकते. मद्य वारंवार सोडून पुन्हा सुरू केल्यास पुढच्या प्रत्येक खेपेस आकडीचा संभव वाढतो. यास ‘किंडलिंग’ म्हणतात. जेम्स बॅलेंजर व रॉबर्ट पोस्ट यांनी ही कल्पना १९७८ मध्ये मांडली.

उपचार

लोराझेपाम, डायझेपाम यांसारखी बेंझोडायझेपिन औषधे गॅबा-ए ग्राहींवरच कार्य करतात, म्हणून ती मुख्य उपचार ठरली आहेत. अपस्मारावरील फेनिटॉइन येथे निरुपयोगी ठरते. थायमिन (जीवनसत्त्व ब१) देणेही आवश्यक असते. पूर्वी आकडी आलेल्या व्यक्तीने मद्य घरच्या घरी अचानक न सोडता वैद्यकीय देखरेखीखाली सोडणे सुरक्षित मानले जाते.

भारतातील टाळेबंदी

मार्च २०२० मधील देशव्यापी टाळेबंदीत मद्यविक्री बंद झाल्याने हा विषय सार्वजनिक चर्चेत आला. मद्यत्यागाची लक्षणे असणाऱ्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मद्य देण्याचा आदेश केरळ सरकारने काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी त्यास विरोध केला आणि एप्रिलमध्ये केरळ उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली.