प्रसूतिविषयक मराठी शब्द : पोथी, सुईण आणि हिंगणें

प्रसूतीसंबंधीं मराठींत जे शब्द रूढ आहेत त्यांचे दोन ओघ स्पष्ट दिसतात. एक चरक-सुश्रुतांच्या संहितांतून, वैद्यांच्या पोथ्यांच्या द्वारें आलेला. दुसरा सुइणींच्या व घरांतील वडील बायकांच्या तोंडीं वाढलेला. पहिला लिहिला गेला, म्हणून आपल्या संग्रहांत आहे. दुसरा लिहिणाऱ्या पुरुषांच्या कानीं फारसा पडला नाहीं, म्हणून तो कागदांत क्वचित् सांपडतो. वस्तुतः पुष्कळ ठिकाणीं दोहोंचें मूळ एकच आहे. वेदनेच्या ‘वेणा’ झाल्या, वंध्येची ‘वांझ’ झाली, दोहदाचे ‘डोहाळे’ झाले. चौथ्या महिन्यांत गर्भाचें हृदय व्यक्त होतें, तेव्हां स्त्री दोन हृदयांची होते, व तिची इच्छा अवमानिली तर अपत्यास व्यंग येतें, ही सुश्रुताच्या शारीरस्थानांतील उपपत्ति डोहाळजेवणास बसलेल्या किती बायकांनीं ऐकली असेल? परंतु डोहाळे न पुरविल्यास मुलाला बाधतें, हा समज घरोघर आहे. पोथी न उघडतां पोथींतील मत असें टिकून राहतें.

कांहीं ठिकाणीं मात्र हे ओघ जुळत नाहींत, आणि तींच स्थळें अधिक बोलकीं आहेत. अडलेल्या प्रसूतीचें प्रकरण पाहावें. निदानस्थानाच्या आठव्या अध्यायांत मूढगर्भाचे कील, प्रतिखुर, बीजक व परिघ असे चार भेद कांहींच्या मतें म्हणून दिले आहेत. हात, पाय व डोकें वर करून जो खुंटीसारखा मार्ग अडवितो तो कील. ज्याचे हात, पाय व डोकें बाहेर येऊन धड अडकतें तो प्रतिखुर. एका हातासह डोकें येतें तो बीजक. अडसरासारखा आडवा पडतो तो परिघ. सुश्रुत स्वतः या चारांवर थांबत नाहीं. गर्भ किती रीतींनीं अडेल याची गणती नाहीं, असा त्याचा अभिप्राय आहे. मृत गर्भ काढतांना मंडलाग्र वापरावें, तीक्ष्ण अग्राचें वृद्धिपत्र वापरूं नये, त्यानें स्त्रीस इजा होईल, येथपर्यंत तो तपशिलांत जातो. सुइणीच्या भाषेंत हें सारें ‘बाई अडली’ या दोन शब्दांत आलें. मूल ‘आडवें आलें’ किंवा ‘पायाळू’ निघालें, एवढाच पुढील भेद. (पायाळू माणसाची लाथ बसली म्हणजे उसण जाते, ही समजूत याच शब्दाला चिकटलेली आहे.) परंतु एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे : संहितेंत मूढ होतो तो गर्भ, मराठींत अडते ती बाई. ग्रंथकाराचें लक्ष कोठें होतें व सुइणीचें कोठें होतें, हें या क्रियापदावरून कळतें.

तसेंच गर्भ जाण्याच्या शब्दांचें. सुश्रुत चौथ्या महिन्यापर्यंत ‘स्राव’ म्हणतो व पांचव्या-सहाव्या महिन्यांत ‘पात’. म्हणजे त्याचा भेद काळाचा आहे. बोलींत ‘पोट पडलें’ व ‘पोट पाडलें’ असा भेद आहे; तो कर्त्याचा आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमास हवा होता तो नेमका हाच दुसरा भेद. असें असतां लेखी मराठीनें दोन्ही भेद सोडून सर्वांस सरसकट ‘गर्भपात’ हा एकच शब्द दिला. ज्या समाजांत विधवेच्या गरोदरपणाची वाट न्यायालयापर्यंत जात होती, व ज्या पुण्यांत जोतीराव फुल्यांस १८६३ सालीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढावें लागलें, तेथें ही शब्दाची संदिग्धता निरुपद्रवी होती असें म्हणवत नाहीं.

मराठ्यांच्या राजकारणांतही बायकांची ही मोजणी एकदां निर्णायक ठरली. नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजीं झाला. सवाई माधवरावांचा जन्म पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ रोजीं. मधले दिवस २३१ भरतात. दिवस पुरे भरले असें धरल्यास, २८० दिवसांच्या प्रचलित हिशेबानें वधाच्या दिवशीं शेवटच्या पाळीपासून सुमारें सातच आठवडे लोटले होते. म्हणजे फार तर एक पाळी चुकलेली! गंगाबाई गरोदर आहेत या गोष्टीवर बारभाईंनीं राघोबादादांविरुद्ध सर्व कारस्थान उभारलें. पण त्या गोष्टीचें मूळ प्रमाण वैद्याच्या नाडीपरीक्षेहून ‘दिवस राहिले’ या अंतःपुरांतील शब्दांतच अधिक असलें पाहिजे. आमच्या इतिहासकारांनीं गडावरील बंदोबस्ताचा जितका शोध घेतला तितका या शब्दांचा घेतला नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत तिसरा ओघ येऊन मिळाला. मुंबईचे डॉ. सखाराम अर्जुन यांनीं ‘गर्भविद्या व प्रसूतिकरण’ हा ग्रंथ मराठींत लिहिला; नांवांतील दोन्ही पदें संस्कृत, पण शास्त्र पाश्चात्त्य. पंडिता रमाबाईंनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें स्त्री-डॉक्टरांची मागणी केली, कारण स्त्रिया आपलें दुखणें पुरुषापाशीं उघड करीत नाहींत. आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत आनंदीबाई जोशी यांनीं पदवीसाठीं जो प्रबंध दिला, त्याचा विषयच आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हा होता. मराठी बाईनें ही जुनी परिभाषा इंग्रजींत नेली. ती मराठींत परत आणण्यास आयुष्य पुरलें नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं त्या पुण्यांत वारल्या.

येथें हिंगण्याचा संबंध येतो. आज कर्वेनगर म्हणून ओळखला जाणारा भाग म्हणजे पूर्वीचें हिंगणें बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ त स्थापिलेला अनाथ बालिकाश्रम, रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेल्या सहा एकर जागेवर १९०० सालीं तेथें आला. १९१६ सालीं निघालेल्या महिला विद्यापीठानें स्वभाषा हें माध्यम ठेविलें व आरोग्यशास्त्रास अभ्यासक्रमांत स्थान दिलें. या दोन गोष्टी एकत्र येतांच शिकविणारास शब्द निवडणें भाग पडतें : ‘वार’ म्हणावें कीं ‘अपरा’, ‘पिशवी’ कीं ‘गर्भाशय’, ‘विटाळ’ कीं ‘ऋतुस्राव’? यांपैकीं शेवटची निवड केवळ परिभाषेची नव्हे. ‘विटाळ’ म्हटलें कीं धर्म बोलला, ‘ऋतुस्राव’ म्हटलें कीं शरीर बोललें. ज्या आश्रमांत केशवपनाच्या रूढींतून सुटून आलेल्या मुली शिकत, तेथें हा फरक मोठा होता.

हीच कसोटी कर्व्यांच्या ज्येष्ठ पुत्रानें चव्हाट्यावर आणली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें व जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. अश्लीलतेबद्दल त्यांजवर खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत त्यांचें वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनीं घेतलें होतें. कामशास्त्राच्या संस्कृत पोथ्या विद्वानांच्या कपाटांत निर्वेध राहिल्या, आणि तोच विषय चालू मराठींत छापतांच गुन्हा ठरला, यांत आमच्या परिभाषेचा अर्धा इतिहास आला.

कोशकारांनीं आपलें काम केलें आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीपासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत (१९३२-१९३८) बोलींतील पुष्कळ शब्द नोंदले गेले. राहिले आहेत ते कागद. घरोघरच्या मोडी बाडांत बाळंतकाढ्याच्या औषधांच्या याद्या, सुइणीस दिलेल्या लुगड्याचे व धान्याचे खर्च, जन्मवेळेचीं टिपणें असतात. संग्राहक तीं किरकोळ म्हणून बाजूस काढतात. तीं फेंकूं नयेत. यादींतील औषधांचीं नांवें, त्यांचीं मापें व त्यापुढील रोगाचा शब्द जसाच्या तसा उतरून, बाडाचें गांव व सनवार यांसह प्रसिद्ध केला तर सुइणीच्या ओघाचा पहिला लेखी पुरावा हातीं येईल.