खाणावळीचे बिल आणि विधानसभा

इतिहासातील मोठ्या उलथापालथींची कारणे खोल असतात, परंतु त्यांचे निमित्त पुष्कळदा अगदी लहान असते. 20 डिसेंबर 1973 रोजी अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई अभियांत्रिकी महाविद्यालयातील वसतिगृहाच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला, तो खाणावळीच्या बिलावरून. जेवणाच्या दरात वीस टक्क्यांची वाढ झाली होती, आणि घरून मोजकेच पैसे येणाऱ्या मुलांना ती पेलण्यासारखी नव्हती. त्यानंतर सुमारे बारा आठवड्यांत गुजरातचे मंत्रिमंडळ गेले आणि पाठोपाठ विधानसभाही विसर्जित झाली. ‘नवनिर्माण आंदोलन’ या नावाने ही घटना ओळखली जाते. विद्यार्थ्यांच्या चळवळीचे सामर्थ्य किती आणि तिची मर्यादा कोणती, हे दोन्ही या एकाच प्रकरणात स्वच्छ दिसून येत असल्यामुळे तिचा शांतपणे विचार करणे उपयुक्त ठरेल.

खाणावळीचे बिल वाढले, त्यात व्यवस्थापकांचा दोष थोडा आणि बाजाराचा अधिक होता. 1972 च्या दुष्काळाने पश्चिम भारत होरपळून निघाला होता. धान्याची टंचाई होती, आणि गुजराती स्वयंपाकघराचा आधार जे शेंगदाण्याचे तेल, त्याचे भाव गगनाला भिडले होते. तेलाच्या व्यापाऱ्यांना सरकारचे अभय आहे, असा आरोप उघडपणे होऊ लागला होता. अशा वेळी वसतिगृहातील मुलाच्या ताटावर आलेले संकट हे शहरातील प्रत्येक घरातल्या ताटावर आलेलेच संकट होते. विद्यार्थ्यांच्या मागणीला नागरिकांनी इतक्या त्वरेने आपली मागणी मानले, याचे रहस्य येथे आहे.

आरंभीच कोणी जबाबदार माणसाने विद्यार्थ्यांना समोर बसवून हिशेब दाखविला असता, तर महागाई हटली नसती. पण मने तरी इतकी बिथरली नसती. घडले ते निराळेच. महाविद्यालयात नासधूस झाली, आवारात पोलीस आले, आणि 3 जानेवारी 1974 च्या सुमारास पोलीस व विद्यार्थी यांच्यात चकमकी झडल्या. 7 जानेवारीपासून शिक्षणसंस्थांतून बेमुदत संप सुरू झाला. प्राध्यापक, वकील, कामगार, गृहिणी असे एकेक वर्ग त्यात उतरले. ठरल्या वेळी घरोघरी थाळ्या बडवून सरकारचा ‘मृत्युघंट’ वाजविण्यात येऊ लागला. खाणावळीचे बिल मागे पडले आणि मुख्यमंत्र्यांचा राजीनामा ही एकच मागणी उरली.

हे मुख्यमंत्री म्हणजे चिमणभाई पटेल. त्यांच्या बाबतीत एक योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वडोदऱ्याचे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय 1949 साली स्थापन झाले. तेथील विद्यार्थी संघाचे पहिले अध्यक्ष म्हणून 1950 मध्ये निवडून आलेला तरुण तोच हा चिमणभाई. विद्यार्थ्यांच्या मतांवर ज्याने सार्वजनिक जीवनाचे पहिले पाऊल टाकले, त्याच्या विरुद्ध चोवीस वर्षांनी विद्यार्थीच रस्त्यावर आले. विद्यार्थिदशेत नेतृत्व केले म्हणजे पुढे विद्यार्थ्यांचे मन कळतेच, असा नियम नाही, एवढे यावरून खास म्हणता येईल.

जानेवारीच्या अखेरीस चळवळीचा तोल सुटला. 25 जानेवारीच्या राज्यव्यापी बंदच्या वेळी अनेक गावी दंगली झाल्या, संचारबंदी पुकारावी लागली, आणि अहमदाबादेत सैन्य आणावे लागले. दगडफेक, जाळपोळ, लूट, आणि त्यांना उत्तर म्हणून लाठी व गोळी, असे चक्र फिरू लागले. या सर्व काळात सुमारे शंभर माणसे प्राणास मुकली आणि हजारोंना अटक झाली. 9 फेब्रुवारी रोजी चिमणभाईंनी राजीनामा दिला. परंतु विधानसभा केवळ स्थगित झाली होती. तेव्हा ती विसर्जित व्हावी म्हणून आमदारांकडून एकेकट्याने राजीनामे घेण्यास आरंभ झाला. मार्चच्या सुरुवातीपर्यंत 167 पैकी 95 जणांनी ते दिले. काहींनी ते लोकमताला मान देऊन दिले. पण पुष्कळांच्या दारात जमाव बसले होते, आणि कित्येकांना धाकदपटशा सोसावा लागला होता. मोरारजी देसाई यांनी उपोषण आरंभिले आणि मार्चच्या मध्यास विधानसभा विसर्जित झाली.

ही ज्योत लगेच बिहारमध्ये पोहोचली. 18 मार्च 1974 रोजी पाटण्यात विद्यार्थ्यांनी विधानसभेला घेराव घातला. त्या दिवशी शहरात जाळपोळ झाली, एका वृत्तपत्राचे कार्यालय भस्मसात झाले, आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. यानंतर विद्यार्थी जयप्रकाश नारायण यांच्याकडे नेतृत्वाची विनंती घेऊन गेले. जयप्रकाशांनी ती मान्य केली, मात्र आंदोलन शांततामय राहिले पाहिजे, ही अट घालून. 8 एप्रिल रोजी पाटण्याच्या रस्त्यांवरून त्यांनी जी मिरवणूक नेली, तिच्यातील स्वयंसेवकांनी तोंडावर पट्ट्या बांधल्या होत्या आणि हात पाठीमागे घेतले होते. घोषणा नाही, दगड नाही. तीन आठवड्यांपूर्वी जे शहर जळत होते, तेच शहर ही मूक रांग पाहण्यास दुतर्फा उभे राहिले. हिंसा त्यामुळे कायमची थांबली असे नव्हे. अवघ्या चार दिवसांनी गया येथे गोळीबार झाला. तरीपण तरुणांचा संताप नियमाने बांधता येतो, आणि बांधल्याने त्याचे बळ घटत नाही, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

गुजरातेत असा बांध कोणी घातला नाही. परिणाम काय झाला, हे पुढील वर्षीच दिसले. 1975 च्या जूनमध्ये निवडणुका झाल्या आणि बाबुभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली जनता मोर्चाचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. त्याला स्वतःचे पूर्ण बहुमत नव्हते. ते पुरे करण्यासाठी ज्या किसान मजदूर लोकपक्षाचा आधार घ्यावा लागला, तो पक्ष चिमणभाई पटेल यांनीच काढलेला होता! ज्याला घालविण्यासाठी शंभर जीव गेले, त्याच्याच पाठिंब्यावर नवे सरकार उभे राहिले. पुढे 1990 मध्ये तर चिमणभाई पुनश्च मुख्यमंत्री झाले आणि 1994 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते. विद्यार्थी वर्गात परतले, राजकारण मुरलेल्या हातांत परत गेले, आणि ‘नवनिर्माण’ हा शब्द तेवढा मागे राहिला.

याहून दुःखदायक गोष्ट 1981 साली घडली. त्या वर्षाच्या आरंभी अहमदाबादच्याच बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमातील राखीव जागांविरुद्ध चळवळ उभारली. पुन्हा संप, पुन्हा बंद, पुन्हा जाळपोळ. मात्र या वेळी रोख सत्ताधाऱ्यांवरून घसरून दलितांच्या वस्त्यांवर गेला, आणि तेथील गरीब माणसांचे बळी पडले. 1974 चे विद्यार्थी हे नव्हेत, हे खरे. परंतु मागणी मान्य करून घेण्याचा रस्ता म्हणून शहराने एकदा जो मार्ग पाहिला होता, तोच पुन्हा चोखाळला गेला. 1974 मध्ये त्या मार्गाच्या टोकाला मुख्यमंत्री होता, म्हणून पुष्कळांना तो मार्ग गैर वाटला नव्हता. 1981 मध्ये त्याच्या टोकाला चर्मालयात किंवा गिरणीत राबणारा माणूस उभा होता.

विद्यार्थ्यांनी राजकारणापासून अलिप्त राहावे, हा उपदेश म्हणूनच अपुरा आहे. अन्नाचे भाव वाढले म्हणजे ते वसतिगृहाच्या भिंतीबाहेर थांबत नाहीत, आणि अन्याय दिसत असता तरुणांनी मान खाली घालून पुस्तक वाचीत बसावे, अशी अपेक्षा करणे त्यांच्या वयाला धरून नाही. 1973 च्या डिसेंबरात त्या मुलांची तक्रार खरी होती, आणि ती ऐकण्यासाठी कोणी वेळेवर पुढे आले नाही, ही वडीलधाऱ्यांची चूक होती. पण तक्रार खरी असली म्हणजे साधन कोणतेही चालते, असे मानल्याची किंमत पुढे कोणाला मोजावी लागली, तेही अहमदाबादनेच दाखविले आहे. आज एखाद्या महाविद्यालयाच्या फाटकाशी मुले घोषणा देत उभी राहतात, तेव्हा प्राचार्यांनी पोलिसांना बोलाविण्यापूर्वी त्यांच्याशी बोलावे. आणि मुलांनी पहिला दगड उचलण्यापूर्वी पाटण्याच्या त्या मूक मिरवणुकीचे स्मरण करावे.