‘बिट’ या शब्दाविषयी

* बिट : घोड्याच्या तोंडात बसणारी लगामाची धातूची कडी. मराठीत ‘लगाम’ म्हटले की वाद्यांसकट सगळा साज डोळ्यांपुढे येतो, म्हणून इथे मूळ शब्दच ठेवला. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याची हिरडी मोकळी असते. बिट तिथे टेकते. बॅरल रेसिंगमध्ये (अमेरिकी रोडिओतली तीन पिंपांभोवतीची दौड, पहिल्या दोन पिंपांत सहसा ९० फुटांचे अंतर) घोडा भरधाव येऊन एकदम वळतो. स्वाराने घाईत दिलेला हिसका याच हिरडीला सोसावा लागतो. साध्या स्नॅफल बिटमध्ये जेवढी ओढ तेवढाच ताण. लांब दांड्यांच्या बिटमध्ये तरफेमुळे तो कितीतरी वाढतो, शिवाय हनुवटीखालची साखळी आवळते. घोडा मान वर फेकू लागला की पुष्कळ जण आणखी कडक बिट चढवतात. हा उलटा उपाय झाला. आधी दात तपासून घ्यावेत, ओठांच्या कडा चिमटतात का ते पाहावे, आणि मग (हे कुणाला आवडत नाही) स्वाराचे हात. लेखिकेचे ‘कडक बिट’ म्हणजे दांड्यांचे, हे ध्यानात ठेवून पुढचा मजकूर वाचावा. — संपा.